गुरुवारचा गळ

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीत हा वार ठरला आणि पुढे इतका मुरला की आमच्या चाळीत लग्नाची बोलणी, घराची रंगसफेदी, गावाहून येणारे पाहुणे, सगळं गुरुवार बघून ठरायचं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुरुवार मात्र नदीचा असे. सकाळी सहाला सायकलला बांबूची काठी बांधलेली, कॅरिअरला ओल्या मातीत गांडुळं भरलेला डबा, आणि पुढच्या दांडीवर मी. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. तिथल्या काठावर आम्ही बसायचो. ही १९८०-८१ची गोष्ट.

अण्णांचं सामान साधं होतं. तंगूस, दोन-तीन आकारांचे गळ, दातांनी चेपून बसवलेली शिशाची गोळी, आणि पाण्यावर खूण म्हणून मोरपिसाचा देठ. कणकेत चिमूटभर हिंग घालून ते गोळे वळायचे. मरळ हवी असेल तर गांडूळ, नाहीतर कणीक. देठ एकदा थरथरला की ते नुसता हात वर करून मला गप्प करायचे. दुसऱ्यांदा तो पाण्याखाली गेला की मनगटाचा एक झटका.

त्या मनगटाबद्दल आज लिहावंसं वाटतं. अण्णा एका लहानशा प्लेटिंगच्या कारखान्यात होते. लोखंडाचे सुटे भाग आधी निकेलच्या, मग क्रोमच्या टाकीत बुडवायचे, वर काढायचे, पाण्यात खळबळून धुवायचे. बोटांच्या पेरांवर पिवळट डाग कायमचे होते. नाकातून मधूनमधून रक्त यायचं. क्रोमच्या वाफेनं नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडतं, हे त्या कामातल्या माणसांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक असतं. धुतलेलं पाणी कारखान्यामागच्या नाल्यात जायचं. नाला नदीला मिळायचा. सहा दिवस ते पाणी सोडणारे हात सातव्या दिवशी त्याच नदीत गळ टाकून बसायचे, आणि ते अण्णांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. ते नाल्याच्या तोंडापासून लांब, वरच्या अंगाला बसायचे. एवढीच त्यांनी काढलेली वाट.

आता अडचण अशी की गुरुवार दत्ताचा. आमच्याकडे त्या दिवशी चुलीवर मासळी चढत नसे. मग पकडलेली मरळ रात्रभर मोठ्या घमेल्यात, नळाच्या पाण्यात. मरळ चिवट, वर येऊन हवा घेते, त्यामुळे ती सकाळपर्यंत टिकायची. मी अंथरुणातून तिचा श्वास ऐकायचो, पाण्यावर येताना होणारा बारीकसा डुबुक आवाज. आई म्हणायची, रात्रभर चांगल्या पाण्यात ठेवली की नदीचा वास निघून जातो. शुक्रवारी ती राखेनं चोळून, हळद-मीठ-चिंच लावून कालवण करायची, आणि डोकं अण्णांच्या ताटात.

आईचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. माशाच्या अंगाला येणारा चिखलाचा वास शेवाळ आणि सूक्ष्म जीव तयार करतात. मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला तर तो खरंच कमी होतो. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे धातू घमेल्यातल्या एका रात्रीत जात नाहीत. त्यांना वासही नसतो.

०

गेल्या वर्षभरात मी अनेक गुरुवारी या काठांवर फिरलो. दापोडी, सांगवी, औंध, संगमवाडी, बंडगार्डन, पुढे मुंढवा आणि मांजरी. गळवाले अजून आहेत. खरं तर हौशी गळवाले पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. रॉड आणि रील आता ऑनलाइन मिळतात. तिशीतले तरुण मोटारसायकलवरून येतात, डोक्याला बॅटरी लावून रात्री बसतात, मासा पकडून फोटो काढतात आणि सोडून देतात. त्यांच्यापासून पन्नास पावलांवर कामगार वस्तीतली पोरं आणि म्हातारी माणसं साधी काठी घेऊन बसलेली असतात. ती सोडून देत नाहीत. हौस आणि पोट यांत इथे भिंत नाही. घरी मासा गेला तर त्या दिवशीचं कोरड्यास सुटतं, आणि नाही गेला तरी दुपार चांगली गेलेली असते.

त्यांच्या पिशवीत बघितलं तर बहुतेक वेळा चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२मध्ये भारतात आणला गेला, आणि आता महाराष्ट्राच्या अनेक मोठ्या तळ्यांत आणि नद्यांत त्याचं राज्य आहे. कधी आफ्रिकी मांगूर, ज्याच्या पैदाशीवर केंद्राने २०००मध्येच बंदी घातली. कधी काचेच्या टाक्यांतून कोणीतरी सोडून दिलेला, अंगावर खडबडीत कवच असलेला सकर मासा. तो गळाला लागला की शिवी देऊन काठावर फेकतात. क्वचित मरळ, क्वचित वाम.

सांगवीच्या पुलाखाली नेहमी भेटणारे एक काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. पाणी वाचायचं कसं, ते त्यांच्याकडून शिकावं. ते सांगतात, पहाटे मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर त्या दिवशी गळ टाकू नये, तो खाण्यासाठी वर आलेला नसतो. याचं कारण पुस्तकात आहे. सांडपाणी कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पावसाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर दोन दिवस ते नदीवर येत नाहीत, कारण त्या सरीच्या आडोशाने नाल्यांमधून काय काय सोडलं जातं ते पाण्याच्या रंगावरून त्यांना समजतं. फेसाला ते घाबरत नाहीत. फेस साबणाचा असतो, म्हणतात. भीती बाळगावी ती पाणी अचानक स्वच्छ, नितळ झालं तर. तळाचं शेवाळ मेल्याशिवाय या नदीचा तळ दिसत नाही.

शहराची प्रयोगशाळा असते, तिचे नमुने घेण्याचे दिवस ठरलेले असतात. काका आठवड्यातून चार दिवस, वर्षानुवर्षं, एकाच दगडावर बसलेले आहेत. त्यांना कोणी कधी काही विचारलेलं नाही.

०

१८२४मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. जमीन, पिकं, माणसं, पाऊस मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांची त्याची वर्णनं १८३९मध्ये लंडनमध्ये छापली गेली, नंतर १८४१मध्ये चित्रांसह. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवीन माशाला शास्त्रीय नाव द्यायचं तर लोक लॅटिन-ग्रीक शब्द शोधत, किंवा एखाद्या साहेबाचं नाव देत. साइक्सनं काठावरच्या माणसांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेलीच नावं लॅटिनच्या शेजारी बसवली. सीनघाला, म्हणजे आपला शिंघाळा. सीनगटी, म्हणजे शिंगटी. मुल्ल्या, बोगट, पोटेल, फुलंगी, नुकटा. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आज हे शब्द उच्चारतो तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी मासेमाराची बोली बोलत असतो.

यातला नुकटा साइक्सला इंद्रायणीत, चाकणजवळ सापडला. नाकावर मांसल उंचवटा असलेला विलक्षण मासा. त्या चाकणला आज मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांची रांग आहे. आणि खुद्री, दख्खनचा महासीर, शास्त्राला ज्याची ओळख झाली ती मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर. नकाशा काढून मोजलं तर बोट मांजरीच्या आसपास पडतं. महासीर हा भारतातल्या गळवाल्यांचा राजा. खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहणारा, लांबच लांब दोर एका झेपेत ओढून नेणारा. त्या जागी आज उभं राहिलं तर काळसर पाणी, जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि काठावर अडकलेलं प्लास्टिक दिसतं.

खुद्री नामशेष झालेला नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास केली, आणि ती पिल्लं देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली. ती कावेरीतही गेली, आणि तिथल्या मूळच्या मोठ्या महासीरच्या जागेवर बसली. त्यावरून आज शास्त्रज्ञ काळजीत आहेत. लोणावळ्याजवळच इंद्रायणी उगम पावते. मासा तिच्या उगमापाशी वाढवता येतो, पण तिच्याच वाटेत, आळंदीच्या घाटावर, ज्या दिवशी वारकरी फेसात उतरून स्नान करतात, त्या दिवशी तो तिथे तासभरही टिकणार नाही.

पुण्यातल्या माशांच्या याद्या साइक्सनंतरही बनत राहिल्या. १९४२मध्ये फ्रेझर यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याचे मासे नोंदवले. नंतर पुण्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या याद्या हातात घेऊन तेच घाट, तेच डोह पुन्हा धुंडाळले. शहराच्या वर, धरणांच्या बाजूला बरेच मासे भेटतात. शहरात आल्यावर यादी आटत जाते. त्याला कारखाने एकटे जबाबदार नाहीत, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नद्यांत जाणाऱ्या घाणीचा फार मोठा वाटा आपल्या स्वयंपाकघर-संडासाच्या पाण्याचा आहे. पण मैला कुजतो. त्याची प्रक्रिया केंद्रं नीट चालली तर नदी काही वर्षांत श्वास घेऊ शकते. धातू कुजत नाहीत. ते गाळात बसतात, पूर आला की उठतात, गाळातल्या किड्यात जातात, किडा माशात जातो.

कायदे नव्हते असं नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा १९६९मध्ये केला, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, आणि १९७०मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं केलं. देशात हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. तरीही २०१८मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले तेव्हा त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा आणि मुठा सर्वांत वाईट वर्गात. त्या वर्गात जायचं तर जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर असावी लागते. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा ३ आहे.

०

न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीकडे गेलो होतो तेव्हा हडसन नदीच्या काठावर मी एक फलक बघितला. माशांची चित्रं, त्याखाली कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, कोणता अजिबात खाऊ नये, मुलांनी आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांनी काय करावं, हे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. शेजारीच दोघंजण गळ टाकून बसले होते. मी तो फलक दोनदा वाचला. माझ्या डोळ्यांसमोर आईचं घमेलं आलं.

हडसनची कथा अशी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथल्या कारखान्यांत विजेचे कपॅसिटर बनत. त्यात पीसीबी नावाचं तेलकट रसायन वापरत. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत यातलं जास्तीत जास्त १३ लाख पौंड रसायन नदीत गेलं असा सरकारी अंदाज आहे. पीसीबी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. गाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात ते वाढत जातं, आणि शेवटी माणसाच्या ताटात. १९७६मध्ये वरच्या हडसनमध्ये मासेमारीच बंद झाली. १९९५मध्ये ती उघडली, पण पकडा आणि सोडा एवढ्याच अटीवर. सुमारे ३२० किलोमीटर नदी १९८४पासून अमेरिकेतल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत आहे. २००९ ते २०१५ या काळात कंपनीला २७ लाख घनयार्डांहून जास्त गाळ उपसावा लागला.

ही लढाई कोणी सुरू केली? १९६६मध्ये हडसनच्या काठी, क्रोटनजवळ काही माणसं एकत्र आली. सुतार, कामगार, मासेमारीवर पोट भरणारे आणि हौशी गळवाले. त्यांच्यात रॉबर्ट बॉईल होते, खेळांवर लिहिणारे पत्रकार आणि स्वतः गळाचे वेडे. त्यांनी एका रेल्वे कंपनीच्या नळातून नदीत तेल येतं हे पकडलं, १८९९चा एक विसरलेला कायदा शोधून काढला, ज्यात घाण टाकणाऱ्याची खबर देणाऱ्याला दंडातला निम्मा वाटा मिळे, आणि खरोखर बक्षीस मिळवलं. १९७०मध्ये बॉईलनी पट्टेरी बास माशाचे नमुने तपासून घेतले आणि त्यात पीसीबी असल्याचं आपल्या खेळाच्या मासिकात छापलं. त्या वेळी ना सरकारला हे शोधायची घाई होती, ना कंपनीला. मासा हातात घेऊन बघणाऱ्या माणसालाच ती होती.

हडसनमधली दुसरी गोष्ट मला काकांना सांगायची होती. टॉमकॉड नावाचा लहान मासा पीसीबीने भरलेल्या त्या नदीत जोमाने राहतो. तो मरत का नाही, हे २०११मध्ये शास्त्रज्ञांनी शोधलं. त्याच्या एका जनुकात छोटा बदल झाला आहे, त्यामुळे विष अंगात बसतं पण त्याला मारत नाही. अवघ्या काही दशकांत हे घडलं. मासा जिवंत, आणि तरी विषाचा साठा. त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाला त्या बदलाचा काही उपयोग नाही, त्याच्या पोटात सगळं जातं.

हे काकांना सांगायचं होतं, कारण ते नेहमी म्हणतात, चिलापी जगते, वाढते, अंडी घालते, म्हणजे पाणी इतकंही वाईट नसेल. दापोडीपासून मांजरीपर्यंत मला हे वाक्य प्रत्येक काठावर ऐकू आलं. टॉमकॉडचं ऐकून काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे माशाचं काय, तो आपल्यासारखाच. सवय करून घेतो."

०

मुळा-मुठेच्या काठावर, मी जिथवर चाललो तिथवर, माशाबद्दलचा एकही फलक मला दिसला नाही. पाण्यात उतरू नये असे आहेत, कचरा टाकू नये असे आहेत. कोणता मासा खावा, कोणता टाळावा, कुठल्या पुलाखालचा खाऊ नये, हे कुणी सांगत नाही. हडसनकाठीही सगळे लोक तो फलक पाळत नाहीत, पण त्यांना सांगितलं तरी गेलेलं असतं.

आणि सांगायला बरंच काही आहे. धातू कल्ल्यांत, यकृतात, मूत्रपिंडात जास्त साठतात, त्या मानाने मांसात कमी. पारा याला अपवाद, तो मांसातच बसतो आणि कातडी-चरबी कापून टाकली तरी जात नाही. चरबीत विरघळणारी रसायनं कातडीखालच्या चरबीत आणि पोटाकडच्या भागात असतात. चरबी काढून टाकली आणि रस्सा न करता भाजलं तर ती बरीच कमी होतात. आता आपल्या घरची पद्धत बघा. आपण डोकं टाकत नाही, डोकं तर मानाचं. चरबी कालवणात उतरते आणि भाताला लागते, तीच गोडी. इतकी वर्षं अण्णांच्या ताटात जे डोकं गेलं, ते आई प्रेमाने त्यांना देत होती. हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने डोकं न वाढता दुसरा तुकडा वाढला असता. एवढ्या साध्या माहितीसाठी मोठी योजना लागत नाही. माशांचे नमुने घ्यायचे, तपासायचे, निकाल मराठीत आणि हिंदीत फलकावर लिहायचा. नदीकाठ सुशोभित करण्याच्या आराखड्यात चाळीसहून जास्त किलोमीटरचे चालण्याचे रस्ते आहेत. त्या रस्त्याकडेला हा एक फलक उभा करणं जड नाही.

हे पाणी इथे थांबत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात जाते. १९८०मध्ये पूर्ण झालेलं ते धरण पुण्याच्या प्रत्येक नाल्याचं शेवटचं टोक आहे. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी टोपल्यांनी येते, पुणे-मुंबईच्या हॉटेलांत ताटात जाते. आपण टाकलेलं आपल्याकडे परत येतं, दीडशे रुपयांच्या थाळीत, लिंबाच्या फोडीसकट.

०

शेवटच्या गुरुवारी मी मोबाईलवर साइक्सच्या शोधनिबंधातलं खुद्रीचं चित्र घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला. खवले दोन बोटांनी मोठे करून बघितले. "खडची," म्हणाले. मग, "माझ्या बापानं पकडली होती. मी पाहिली नाही. खवला रुपयाएवढा असायचा म्हणे, आई तो पेटीत ठेवायची."

त्यांच्या शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. पुलापलीकडच्या वस्तीतला, वडील भोसरीत कामाला. त्याची काठी साध्या बांबूची होती, आणि खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा. तो तुकडा बुडाला. मुलानं मनगटाचा झटका दिला, अगदी अण्णांसारखा, आणि तळहातापेक्षा थोडी मोठी चिलापी काठावर आली. काकांनी गळ हळूच सोडवून दिला.

मी मुलाच्या जवळ बसलो आणि त्याला सांगितलं. डोकं टाकून दे, कल्ले आणि पोटातलं सगळं टाकून दे, कातडीखालची चरबी ओरबाडून काढायला सांग आईला, आणि धाकट्या बहिणीला देऊ नकोस. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत नदीचं पाणी घेऊन मासा त्यात सोडला आणि तोंडाला गाठ मारली.

"आज गुरुवार आहे ना काका," तो म्हणाला. "आई उद्याच करेल. रात्रभर बादलीत ठेवतो, नळाच्या पाण्यात. वास जातो त्यानं."